नवे बियाणे विधेयक कुठवर आले? मसुद्यात काय आहे, काय नाही आणि येत्या खरिपाला कोणता कायदा लागू राहील

केंद्रीय कृषी मंत्रालयाने १२ नोव्हेंबर २०२५ रोजी ‘बियाणे विधेयक, २०२५’ चा मसुदा जाहीर केला. त्यावर सूचना व हरकती पाठवण्याची मुदत ११ डिसेंबरला संपली. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी हे विधेयक संसदेच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मांडण्याचा मानस बोलून दाखवला आहे. तेव्हापासून गावोगावच्या बैठकांत दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. काही जण म्हणतात, ‘आता बोगस बियाणे विकणारा थेट तुरुंगात जाणार.’ दुसरे म्हणतात, ‘आता घरचं बी पेरायलासुद्धा परवाना लागणार.’ मसुदा वाचला तर दोन्ही विधाने जशीच्या तशी खरी नाहीत. शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा जो प्रश्न, म्हणजे बी उगवले नाही तर झालेले नुकसान कोण भरून देणार, त्यावर मात्र दोन्ही बाजूंनी फारसे कोणी बोलत नाही.

आज कोणता कायदा आहे

आपल्याकडे आजही १९६६ चा बियाणे कायदा लागू आहे. हरितक्रांतीच्या सुरुवातीचा तो काळ होता. बियाण्यांचा बहुतेक व्यवहार सरकारी संस्थांच्या हातात होता आणि खासगी कंपन्या मोजक्याच होत्या. त्यामुळे कायद्याची रचना ‘अधिसूचित वाण’ या कल्पनेभोवती झाली. केंद्राने जो वाण अधिसूचित केला, त्याच्या बियाण्याला उगवणशक्ती आणि शुद्धतेची किमान मर्यादा पाळावी लागते व पिशवीवर तशी माहिती द्यावी लागते. सोयाबीनसाठी उगवणशक्तीची ही मर्यादा ७० टक्के, तुरीसाठी ७५ टक्के, तर हरभरा आणि गव्हासाठी ८५ टक्के आहे. प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. निळ्या टॅगचे प्रमाणित बियाणे त्यातून येते. बाकी बरेचसे, विशेषतः खासगी कंपन्यांचे संकरित बियाणे, ‘सत्यतादर्शक’ म्हणून विकले जाते. म्हणजे पिशवीवर जे लिहिले त्याची जबाबदारी उत्पादकाची. तो वाण आपल्या भागात, आपल्या जमिनीत किती उत्पादन देतो हे सरकारी चाचणीत तपासले गेलेच असेल असे नाही.

शिक्षेचे कलम वाचले की कायद्याचे वय कळते. पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड. पुन्हा तोच गुन्हा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आज सोयाबीनची एक पिशवी यापेक्षा महाग मिळते.

या कायद्याच्या जोडीला १९८३ चा बियाणे नियंत्रण आदेश आहे. कृषी सेवा केंद्राचा विक्री परवाना त्याखाली मिळतो. कापसासाठी महाराष्ट्राने २००९ साली स्वतंत्र कायदा केला. बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र दरवर्षी ठरवते. २०२५ च्या खरिपासाठी बीजी-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ती ९०१ रुपये होती. या सगळ्या तुकड्यांना एकत्र आणणारा एकच नवा कायदा असावा, ही मागणी पंचवीस वर्षांपासूनची आहे.

याआधी काय झाले

नव्या विधेयकाची बातमी आली की ‘कायदा झाला’ असे समजणारे खूप असतात. म्हणून हा इतिहास माहीत असलेला बरा. २००४ च्या डिसेंबरमध्ये राज्यसभेत बियाणे विधेयक मांडले गेले. ते संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीकडे गेले आणि समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. शेतकऱ्याचा घरचे बियाणे वापरण्याचा व विकण्याचा हक्क, नुकसानभरपाई, दंडाची रक्कम, किमतींवर नियंत्रण, या मुद्द्यांवर समितीने आणि राज्यांनी बदल सुचवले. सरकारने २०१० च्या सुमारास दुरुस्त्याही तयार केल्या. तरीही विधेयक मंजूर झाले नाही. पुढे २०१९ मध्ये नवा मसुदा आला, तोही मसुदाच राहिला. आताचा २०२५ चा मसुदा हा या मालिकेतला पुढचा.

कीटकनाशकांच्या बाबतीतही हेच घडले. कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक २३ मार्च २०२० रोजी राज्यसभेत मांडले गेले, स्थायी समितीने डिसेंबर २०२१ मध्ये त्यावर अहवाल दिला आणि आपण अजून १९६८ च्या कायद्यावरच आहोत.

मसुद्यापासून कायद्यापर्यंत

सध्या जे आपल्यासमोर आहे ते विधेयकही नाही, तो विधेयकाचा मसुदा आहे. आलेल्या हरकती पाहून मंत्रालय त्यात बदल करते, मग मंत्रिमंडळाची मंजुरी लागते आणि त्यानंतर ते लोकसभेत किंवा राज्यसभेत मांडले जाते. पुढचा टप्पा सक्तीचा नाही, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा तोच. सभागृह हे विधेयक स्थायी समितीकडे पाठवू शकते. समितीत दोन्ही सभागृहांचे, वेगवेगळ्या पक्षांचे खासदार असतात. ती लेखी निवेदने मागवते, शेतकरी संघटना, कंपन्या आणि कृषी विद्यापीठांना बोलावून ऐकून घेते. मंत्रालयाकडे सूचना पाठवण्याची मुदत संपली असली तरी विधेयक समितीकडे गेले तर दुसरी संधी मिळते. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण २००४ च्या विधेयकात पुढे ज्या दुरुस्त्या तयार झाल्या त्यांची मुळे समितीच्या अहवालातच होती.

त्यानंतर कलमवार चर्चा, दोन्ही सभागृहांची मंजुरी, राष्ट्रपतींची स्वाक्षरी, राजपत्रात प्रसिद्धी. इतके झाल्यावरही कायदा लगेच लागू होत नाही. लागू होण्याची तारीख केंद्र सरकार वेगळी जाहीर करते आणि त्याखालचे नियम तयार व्हावे लागतात. नोंदणीची फी किती, अर्ज कुठे, नमुना कसा घ्यायचा, हे सगळे नियमांत ठरते.

याचा सरळ अर्थ असा की अर्थसंकल्पी अधिवेशनात विधेयक मांडले गेले आणि कुठेही अडले नाही, तरी २०२६ च्या खरिपाची पेरणी जुन्याच कायद्याखाली होईल असे धरून चालावे.

मसुद्यात नवे काय

सर्वांत मोठा बदल म्हणजे वाणांची सक्तीची नोंदणी. अधिसूचित असो वा नसो, जो वाण विक्रीला येणार त्याची नोंदणी लागेल. यातून दोन अपवाद आहेत, शेतकऱ्यांचे वाण आणि केवळ निर्यातीसाठी तयार केलेले वाण. नोंदणीपूर्वी वाणाची वेगवेगळ्या ठिकाणी चाचणी घेऊन तो लागवडीला व वापराला कितपत योग्य आहे हे तपासले जाईल. कृषिशास्त्राच्या बाजूने पाहिले तर ही तरतूद स्वागतार्ह आहे. आज दुकानात एकाच पिकाची वीस नावे दिसतात. त्यातले कोणते हलक्या जमिनीत टिकते, कोणते मुळकुजीला बळी पडते, याची स्वतंत्र माहिती ना शेतकऱ्याकडे असते ना दुकानदाराकडे. मात्र या चाचण्या कोण करणार आणि त्यांचे निकाल शेतकऱ्याला बघायला मिळणार का, हे नियमांवर सोडून चालणार नाही. निकाल जिल्हानिहाय आणि मराठीत उपलब्ध झाले तरच त्या चाचणीचा उपयोग.

दुसरा बदल पिशवीवरच्या क्यूआर कोडचा. प्रत्येक पिशवीवर कोड असेल. तो ‘साथी’ या केंद्रीय पोर्टलशी जोडलेला राहील आणि बियाणे कोणत्या लॉटचे, कुठे तयार झाले, कोणत्या हातांतून आले हे त्यावरून कळेल. साथी पोर्टल २०२३ मध्येच सुरू झाले आहे. नव्या कायद्याने ते सर्वांना सक्तीचे होईल. बोगस बियाण्याच्या धंद्यात नामांकित कंपनीच्या पिशव्या छापून त्यात बाजारातला माल भरणे हा जुना प्रकार आहे, त्याला यातून चाप बसू शकतो. पण कोड खरा आहे आणि बी मेलेले आहे, असेही होऊ शकते. कोडवरून बियाण्याचे मूळ समजते, त्यात आज जीव किती आहे ते समजत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात ठेवलेल्या सोयाबीनची उगवणशक्ती कोड स्कॅन करून कळत नसते.

बियाणे उत्पादक, प्रक्रिया केंद्रे, विक्रेते आणि रोपवाटिका या सर्वांना नोंदणी लागेल. रोपवाटिकांचा समावेश झाला हे फळबागवाल्यांच्या दृष्टीने चांगले. मोसंबी, डाळिंब, संत्र्याची रोगट किंवा भलत्याच जातीची कलमे लावली तर चूक कळायला चार-पाच वर्षे जातात. अनेक राज्यांत काम करणाऱ्या कंपन्यांना एकदाच केंद्रीय मान्यता मिळण्याचीही तरतूद आहे. कंपन्यांचा ताप त्यामुळे कमी होईल, पण राज्य सरकारचा आपल्या हद्दीतल्या विक्रीवरचा धाक त्याने सैल पडेल, असा आक्षेप शेतकरी संघटनांनी घेतला आहे. मला तो रास्त वाटतो. तक्रार आली की शेतावर जातो तो राज्याचा कृषी अधिकारी, दिल्लीचा नव्हे.

शिक्षेच्या बाबतीत गुन्ह्यांची गंभीरतेनुसार वर्गवारी आहे. सर्वांत गंभीर गटात दंड ३० लाख रुपयांपर्यंत आणि कैद तीन वर्षांपर्यंत जाते. विक्रेत्यांचे म्हणणे असे की आम्ही सीलबंद पिशवी विकतो, आतले बी कसे निघाले याला आम्ही जबाबदार कसे? सीलबंद पिशवी आणि योग्य साठवण, या अटीवर त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे.

किमतींबाबत टंचाई, किमतीत असाधारण वाढ, नफेखोरी अशा आणीबाणीच्या परिस्थितीतच हस्तक्षेपाचा अधिकार केंद्राला आहे. एरवी किंमत बाजार ठरवेल.

घरच्या बियाण्याचे काय

शेतकऱ्याने स्वतःचे बी राखावे, पेरावे, अदलाबदल करावी, दुसऱ्याला द्यावे किंवा विकावे, याला मसुदा आडकाठी करत नाही. फक्त ते ब्रँडच्या नावाने विकता येणार नाही. हा हक्क नवा नाही. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ मध्ये तो आधीपासून आहे. गुजरातेत २०१९ मध्ये बटाट्याच्या एका नोंदणीकृत वाणावरून पेप्सिको कंपनीने शेतकऱ्यांवर दावे लावले आणि देशभर टीका झाल्यावर मागे घेतले, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने हेच कलम पुढे आले होते.

अडचण आहे ती गटांची. सोयाबीनचे घरचे बियाणे तयार करून गावातल्या दोनशे जणांना पुरवणारी शेतकरी उत्पादक कंपनी, किंवा गावरान वाण जपणारा बचत गट, हे ‘शेतकरी’ या व्याख्येत बसतात की ‘उत्पादक-विक्रेता’ या? अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या पद्मश्री राहीबाई पोपेरे यांच्यासारख्यांच्या कामामुळे बियाणे बँकांचे महत्त्व सर्वांना पटले आहे. अशा सामूहिक बियाणे बँकेला मोठ्या कंपनीच्याच रांगेत उभे करून पोर्टल, नोंदणी आणि दंड लावला, तर ती बंद पडेल. वैयक्तिक शेतकऱ्याला दिलेली सूट अशा गटांनाही स्पष्ट शब्दांत द्यावी, ही सूचना अनेकांनी केली आहे. विधेयक समितीकडे गेले तर उत्पादक कंपन्यांनी हाच मुद्दा आपल्या अनुभवासह लेखी मांडावा.

दंड सरकारजमा, नुकसान शेतकऱ्याचे

आता मूळ प्रश्न. ३० लाखांचा दंड झाला तरी त्यातला एक रुपयाही ज्याचे शेत पडीक राहिले त्याला मिळत नाही. दंड सरकारी तिजोरीत जातो. बी निकृष्ट निघाले तर ठरावीक मुदतीत शेतकऱ्याला भरपाई देणारी सरळ यंत्रणा या मसुद्यात नाही. २००४ च्या विधेयकातही शेतकऱ्याला ग्राहक संरक्षण कायद्याकडेच बोट दाखवले होते आणि स्थायी समितीत त्यावर बरीच चर्चा झाली होती. वीस वर्षांनी मसुदा पुन्हा लिहिताना ही उणीव भरून काढायला हवी होती.

आज भरपाईचा जो मार्ग आहे तो ग्राहक आयोगाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले की बियाणे घेणारा शेतकरी ‘ग्राहक’ आहे आणि बियाणे कायदा असला तरी त्याला ग्राहक न्यायालयात जाता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. वकील सक्तीचा नाही. पण पुरावा लागतो, आणि बहुतेक प्रकरणे तिथेच कोसळतात.

२०२० च्या जूनमध्ये मराठवाडा-विदर्भात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. त्या हंगामात तक्रार निवारण समितीबरोबर मी बऱ्याच शेतांवर गेलो. एका शेतकऱ्याने चार पिशव्या पेरल्या होत्या आणि तीन एकरांत बोटावर मोजण्याइतकी रोपे होती. पावती विचारली तर ‘दुकानदार म्हणाला नंतर देतो’. पिशव्या विचारल्या तर दोन गोठ्यात पसरलेल्या, एकीत कडबा-कुट्टी भरलेली आणि एक सापडलीच नाही. टॅग एकाही पिशवीला नव्हता. पंचनाम्यात उगवण लिहिता आली, पण कोणत्या लॉटची ते लिहिता आले नाही. नुकसान डोळ्यांसमोर होते आणि कागदावर काहीच नव्हते. पुढे त्याला काही मिळाले नाही.

समिती शेतावर काय बघते, हेही माहीत असावे. सोयाबीनचे बी नाजूक. त्याचे साल पातळ आणि अंकुर सालीलगत असतो. काढणीच्या वेळी भिजले, मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले, पिशव्यांची उंच थप्पी लावली, चढउतार करताना आपटल्या, तर उगवण घटते. पण बी चांगले असूनही न उगवण्याची कारणे असतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरले, ५ सेंटिमीटरपेक्षा खोल गेले, पेरणीनंतर जोराचा पाऊस येऊन जमिनीवर खपली धरली. त्यामुळे समिती आधी शेजारच्या शेतात पाहते. तोच लॉट, वेगळी पेरणी आणि तिथेही उगवण नाही, तर दोष बियाण्याचा असण्याची शक्यता मोठी. एकाच शेतात अर्ध्या भागात घरचे बी उगवले आणि अर्ध्यात विकतचे नाही, तर तो सर्वांत बोलका पुरावा. तक्रार तीन आठवड्यांनी आली, तोवर शेत मोडून दुबार पेरणी झाली, तर मात्र समितीला बघायला काही उरत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तणनाशक सहन करणारे म्हणून चोरून विकले जाणारे एचटीबीटी कापसाचे बियाणे आजही बेकायदा आहे आणि नव्या मसुद्याने ते कायदेशीर होणार नाही. त्याला पावती नसते, लॉट नसतो. बिघडले तर तक्रार करायला जागा नाही.

येत्या खरिपाची चिंता

२०२० मध्ये उगवणीचा जो प्रश्न आला त्याचे एक मोठे कारण २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अवकाळी पाऊस होते. बीजोत्पादनाचे सोयाबीन शेतातच भिजले होते. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्यात तेच झाले, काही ठिकाणी त्याहून वाईट. त्यामुळे २०२६ च्या खरिपात सोयाबीन बियाण्याच्या दर्जाबद्दल सावध राहायला आतापासूनच कारण आहे आणि तोवर नवा कायदा मदतीला येणार नाही.

ज्यांच्याकडे न भिजलेले सोयाबीन आहे त्यांनी बियाण्यापुरते वेगळे काढून ठेवावे. ओलावा १२ टक्क्यांच्या आत, थप्पी कमी उंचीची, पोती थेट फरशीवर नकोत. उगवण चाचणी एप्रिलमध्ये एकदा आणि पेरणीआधी पुन्हा घ्यावी. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० बिया मांडून गुंडाळी करावी, गोणपाट ओलसर ठेवावे आणि पाचव्या-सहाव्या दिवशी निरोगी कोंब मोजावेत. एकाच मोजणीवर जाऊ नये, तीन गुंडाळ्या करून सरासरी काढावी. ७० टक्के आली तर एकरी ३० किलो, ६५ आली तर साधारण ३२ किलो आणि ६० आली तर ३५ किलो बी लागेल. त्याहून कमी आल्यास ते बियाणे म्हणून वापरू नये. विकतच्या बियाण्यालाही हीच चाचणी लावावी. पिशवी खालच्या बाजूने, टॅग आणि शिवण न बिघडवता उघडावी.

खरेदीच्या दिवशी पक्की पावती घ्यावी. तीवर पीक, वाण, लॉट क्रमांक, वजन आणि किंमत आहे ना, हे दुकानातच वाचावे. मोबाइलवर पिशवीची पुढची-मागची बाजू आणि टॅग यांचे फोटो काढावेत. प्रत्येक लॉटमधले मूठ-दोन मूठ बी मूळ पिशवीतच, टॅगसह, कोरड्या जागी पीक हाती येईपर्यंत ठेवावे. पेरणीची तारीख आणि त्या आठवड्याचा पाऊस वहीत लिहावा. उगवण कमी दिसली तर आठवडाभराच्या आत तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी आणि पंचनामा होईपर्यंत शेताचा निदान एक पट्टा न मोडता ठेवावा.

कृषी सहायकांना एक विनंती. पंचनाम्यात ‘उगवण कमी’ एवढेच लिहून थांबू नका. एक मीटर ओळीतली रोपे किमान दहा ठिकाणी मोजून आकडे लिहा. उकरून पाहिल्यावर बी कुजलेले, कडक की कोंब आत अडकलेला, तेही लिहा. पेरणीची खोली लिहा, आणि त्याच लॉटचे गावात आणखी कोणी पेरले असल्यास त्याच्या शेताची नोंद त्याच कागदावर करा. ग्राहक आयोगापुढे पुढे हाच कागद वाचला जातो.